तबेला, खुराडे आणि बाहेरची नजर

घोडा आणि कोंबडी हे पाळीव प्राणी असले तरी त्यांचे बरेचसे आयुष्य चारचौघांसमोर जाते. घोडा माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर चालतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गिऱ्हाइकाची वाट पाहतो, वरातीत बँडच्या कल्लोळात उभा राहतो. कोंबडी मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पायांनी उलटी लटकलेली दिसते, नाहीतर टेम्पोतल्या जाळीदार खोक्यात दाटीने बसलेली. त्यामुळे या दोन प्राण्यांच्या निगेविषयी बोलणारे लोक ते पाळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. शेजारी, पर्यटक, प्राणिमित्र संस्था, ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय अधिकारी आणि प्रसंगी न्यायालय, या सर्वांचे लक्ष तबेल्याकडे आणि खुराड्याकडे असते.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरले. २०१२च्या तुलनेत ही संख्या ४५ टक्क्यांहून अधिक घटली होती. कुक्कुट पक्ष्यांची संख्या मात्र ८५ कोटींवर गेली. घोडा इतका विरळ झाला आहे की दिसला की प्रत्येकाची नजर त्याच्यावर खिळते. कोंबड्या इतक्या आहेत की एकटी कोंबडी कोणाच्या नजरेत भरत नाही.

निगेची पारख करणाऱ्या दोन नजरा असतात आणि दोन्हींत खोट असते. बाहेरच्याला एक क्षण दिसतो. त्यामागचे वर्ष दिसत नाही. पाळणाऱ्याला वर्ष ठाऊक असते, पण रोजच्या पाहण्याने त्याची नजर सरावते. दर आठवड्याला थोडा थोडा वाळत जाणारा घोडा मालकाला तसाच वाटतो आणि सहा महिन्यांनी आलेला पाहुणा त्याला पाहून दचकतो. म्हणून चांगल्या निगेत चारा, पाणी आणि औषधाइतकेच मोजमाप आणि नोंद यांनाही स्थान आहे.

कायद्याची चौकट

मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८७४मध्ये संस्था स्थापन झाली. तेव्हा शहराची वाहतूक घोडे आणि बैल ओढत होते आणि देखरेखीचा विषयही मुख्यतः तेच होते. स्वतंत्र भारतात १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि त्यानुसार १९६२मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या.

या कायद्याचे कलम ३ पाळणाऱ्यावर सरळ कर्तव्य टाकते: ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी योग्य ती सर्व काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत. कलम ११ क्रूरतेचे प्रकार सांगते. मारणे, अतिरेकी दौडवणे, जादा ओझे लादणे, आजारी किंवा जखमी जनावर कामाला जुंपणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हे सारे त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र अवघा १० ते ५० रुपये आहे. कित्येक दशकांपूर्वी ठरलेली ही रक्कम आज चहा-नाश्त्याच्या बिलाएवढी उरली आहे.

ओढकाम करणाऱ्या आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५चे नियम अधिक नेमके आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे नको, खेचराला मर्यादा २०० किलोंची, गाढवाला ५० किलोंची. दिवसाचे काम एकूण ९ तासांहून अधिक नको आणि सलग ५ तासांहून अधिक नको. जिथे पारा ३७ अंश सेल्सिअसवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात काम बंद. अणकुचीदार लगाम, खिळे मारलेली काठी किंवा टोचणारा साज वापरण्यास मनाई आहे.

निगेची आज जगभर वापरली जाणारी व्याख्या ब्रिटनमधून आली. कारखानी पद्धतीच्या पशुपालनावर टीका करणारे रूथ हॅरिसन यांचे पुस्तक १९६४मध्ये निघाले, त्यावरून उठलेल्या चर्चेमुळे ब्रॅम्बेल समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९६५मध्ये आला. त्यातल्या विचारातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली: भूक-तहानेपासून, अस्वस्थतेपासून, वेदना-इजा-रोगापासून आणि भीती-ताणापासून मुक्तता, तसेच आपल्या जातीला साजेसे वागण्याची मोकळीक. बैलांच्या शर्यतींसंबंधीच्या खटल्यात ७ मे २०१४ रोजी निकाल देताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पाच तत्त्वे १९६०च्या कायद्याच्या कलम ३ आणि ११शी जोडून वाचली. पोट भरले म्हणजे निगा झाली, हा जुना समज तेव्हापासून कायद्यापुढे अपुरा ठरतो.

घोड्याचे पोट

घोड्याच्या निगेची सुरुवात पोटापासून होते. गाय-बैलासारखा तो रवंथ करत नाही. त्याच्या जठरात जेमतेम ८ ते १५ लिटर मावते आणि चाऱ्यातले तंतू पचवण्याचे काम मागच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव करतात. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे १६ तासांच्या आसपास चरत असतो, म्हणजे त्याचे पोट थोड्या थोड्या खाण्यासाठी घडलेले आहे. दिवसातून दोनदा भरपूर चंदी घालून मधल्या वेळेत त्याला रिकामे उभे करणे हे दिसायला लाड, प्रत्यक्षात पोटशूळाला आमंत्रण. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचे पोटात गेले की ते परत येत नाही.

वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडे खाद्य हा सर्वसाधारण हिशेब. ४०० किलोंच्या घोड्याला दिवसाला ६ ते १० किलो, आणि त्यातला मोठा वाटा गवत आणि वैरणीचा हवा. भिजवलेला हरभरा, ओट किंवा कोंडा ही पुरवणी. ती कामाच्या प्रमाणात वाढवायची आणि सुटीच्या दिवशी कमी करायची. चारा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना तेवढा अवधी लागतो. बुरशी लागलेला कडबा म्हशीपुढेही टाकू नये, घोड्यापुढे तर नाहीच.

पाणी दिवसाला २५ ते ५० लिटर लागते. उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. पर्यटनस्थळी घोडे उभे राहतात तिथे पाण्याची टाकी किती अंतरावर आहे, हा तिथल्या निगेविषयीचा पहिला प्रश्न ठरतो.

पोटशूळाची लक्षणे पाळणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेली बरी. घोडा वळून वळून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, खाली पडून लोळतो, घाम फुटतो, लीद बंद होते. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसण्याऐवजी पशुवैद्याला बोलवावे लागते, कारण आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत जीव जातो. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असते. हे आकडे तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवले आणि ताप मोजण्याची नळी खुंटीला टांगलेली असली, तर रात्री-अपरात्री पशुवैद्याला फोनवर नेमके काहीतरी सांगता येते.

खूर, पाठ आणि दात

घोडा खुरावर उभा असतो आणि खूर वाढतच राहतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून, तासून नाल बदलावी लागते. रोज खुरातली माती-लीद उकरून काढली नाही आणि तबेला ओला राहिला, तर तळव्याच्या मऊ भागात कुजका, काळा, दुर्गंधीचा स्राव सुरू होतो. नाल चढवलेल्या घोड्याला रस्ता कसला आहे यानेही फरक पडतो. माथेरानमध्ये मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून जो वाद झाला, त्यात घोडेवाल्यांचे एक म्हणणे हेच होते की गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरते.

पाठीवरच्या जखमा बहुधा चाबकाच्या नसतात. नीट न बसणारे खोगीर, घाम सुकून कडक झालेला नमदा आणि सैल तंग त्या करतात. खोगिराखाली घर्षण होते तिथे आधी केस झडतात, मग कातडे सोलवटते आणि त्यावरच पुढची फेरी मारली की व्रण होतो. बऱ्या झालेल्या जुन्या जखमेवर पांढरे केस येतात; तो डाग आजच्या क्रौर्याचा पुरावा नसतो. ओल्या जखमेवर खोगीर हा मात्र निःसंशय गुन्हा आहे.

ओझ्याचा हिशेब कायद्याच्या ७० किलोंवर संपत नाही. जनावर लहान असेल तर मर्यादा आणखी खाली येते. स्वाराचे आणि खोगिराचे मिळून ओझे घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवावे, असा संकेत आहे. वजनकाटा नसला तरी फितीने अंदाज काढता येतो: पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८०ने भागायचे. घेर १५० आणि लांबी १३० असलेले तट्टू सुमारे २४६ किलोंचे निघते. त्याचा पाचवा हिस्सा ४९ किलो. म्हणजे असे तट्टू शाळकरी मुलासाठी ठीक. धष्टपुष्ट पर्यटकाला त्यावर बसवणे चूक.

दातांकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. झीज वाकडी झाली की कडा धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात. मग घोडा गवताचे अर्धवट चावलेले बोळे तोंडातून टाकतो आणि चारा भरपूर असूनही वाळतो. वर्षातून एकदा दात तपासून कानस मारून घेतली की हा त्रास टळतो.

पाहणाऱ्याची फसगत

घोडा कृश आहे की नाही, हे लांबून सांगता येत नाही. अमेरिकेत डॉन हेनेके यांनी १९८३मध्ये १ ते ९ अशी मोजपट्टी मांडली आणि ती आज सर्वत्र वापरतात. मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून चरबी अजमावायची. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. शर्यतीच्या चपळ घोड्याच्या बरगड्या पुसट दिसतात आणि तो ठणठणीत असतो. उलट गोल गरगरीत, मानेवर चरबीची वळी आलेला घोडा लोकांना सुखी वाटतो. प्रत्यक्षात त्याला खुराच्या आतला दाह होण्याचा धोका मोठा असतो आणि तो दुखणेकरी होऊन बसतो.

उभ्याने डुलकी घेणारा घोडा थकलेला असेलच असे नाही. त्याच्या पायांतल्या स्नायुबंधांची रचना त्याला उभ्याने झोपू देते. मागचा एक पाय सैल सोडून उभे राहणे ही विश्रांती आहे. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढून घेणे मात्र दुखण्याची खूण. उन्हात आडवा पसरलेला घोडा पाहून लोक घाबरतात, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ असे आडवे व्हावेच लागते. डोळ्यांवर जाळीचे आवरण बांधलेला घोडा आंधळा केलेला नसतो. ती माशांपासून केलेली सोय असते.

डोळ्यांना न दिसणारे रोग जास्त घातक. धनुर्वाताला घोडा सर्वांत जास्त बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे, म्हणून त्याची लस चुकवू नये. चावणाऱ्या माशांमुळे पसरणारा सर्रा घोड्याला आतून पोखरतो. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. त्यावर उपचार करत नाहीत. रक्ततपासणीत तो नक्की झाला की जनावर मारावे लागते आणि परिसरातल्या घोड्यांच्या ये-जा करण्यावर बंधने येतात. या तपासण्यांसाठी हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. वरातीचे आणि जत्रेचे घोडे गावोगाव फिरत असल्याने त्यांच्याजवळ तपासणीचा दाखला असणे ही मालकाच्याही फायद्याची गोष्ट आहे.

व्हिक्टोरिया आणि माथेरान

बाहेरची नजर एखादा व्यवसाय कसा बंद करते, हे मुंबईच्या ‘व्हिक्टोरिया’ या घोड्याच्या बग्ग्यांनी पाहिले. गेटवे ऑफ इंडिया, नरिमन पॉइंट, चौपाटी या भागांत चंदेरी नक्षीच्या बग्ग्या पर्यटकांना फिरवत. उच्च न्यायालयात गेलेल्या जनहित याचिकेत डांबरी रस्ते, वाहनांची गर्दी, कोंदट तबेले आणि परवान्यांचा अभाव हे मुद्दे आले. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या या बग्ग्या बेकायदा ठरवल्या, त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले आणि त्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२१मध्ये विजेवर चालणाऱ्या, बिनघोड्याच्या बग्ग्या मुंबईत आल्या. त्या घोड्यांपैकी काहींची निगा चांगलीही होत असेल, पण ते सिद्ध करणारा कागद मालकांजवळ नव्हता. तबेलाच विनापरवाना असेल तर आत कितीही स्वच्छता राखली तरी बाजू लंगडी पडते.

माथेरानची गोष्ट वेगळी आहे. तिथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे घोडा हे वाहन आहे. तो माणसेही नेतो आणि सामानही. डिसेंबर २०२२पासून तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि घोडेवाल्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. ज्या गावात घोडा गरजेचा आहे तिथे त्याची विश्रांती, पाणी, नाल आणि ओझे यांचे नियम पाळले जाणे हेच त्या व्यवसायाचे खरे संरक्षण आहे.

कोंबडीचे घर

कोंबडीची निगा एकेका पक्ष्याची नसते. ती हवेची, पाण्याची आणि जमिनीची असते. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती पंख अंगापासून दूर धरते आणि चोच उघडून धापा टाकते. १८ ते २४ अंशांत ती सुखात असते. ३५च्या पुढे ताण सुरू होतो. विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४५वर गेला की एका दुपारीत शेडमधली मरतूक शेकड्यांत जाऊ शकते. म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, छतावर चुना मारतात किंवा गवत पसरतात, बाजूंना ओली पोती टांगतात, खाद्य पहाटे आणि सायंकाळी देतात आणि दुपारी गार पाण्यावर भर देतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते. उन्हाळ्यात हे प्रमाण आणखी वाढते. पाणी पिणे अचानक घटले, तर रोगाची चाहूल बहुधा तिथेच लागते.

पिल्लांना उलट ऊब लागते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडून कडेला पळाली तर उकडते आहे. सारख्या अंतराने पसरून खात-पीत असतील तर ऊब बेताची आहे. पिल्लांची ही मांडणी एका नजरेत समजते.

गादी पद्धतीत जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर असतो. मूठभर तूस घट्ट दाबून सोडायचे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, धुरळा उडाला तर कोरडे जास्त, गोळा हळूच फुटला तर ठीक. ओल वाढली की रक्ती हगवण पसरते आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. या वायूने पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनलिका खराब होते. शेडमध्ये रोज वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते. दारात आलेल्या पाहुण्याने नाकाला रुमाल लावला तर त्याला नाजूक म्हणून हसण्यात अर्थ नाही; त्या क्षणी त्याचे नाक मालकाच्या नाकापेक्षा खरे बोलत असते. गावात माशा झाल्याच्या तक्रारीचे मूळही बहुतेक वेळा या ओल्या थरातच सापडते.

उघडी पाठ, गळकी पिसे

पिसे झडलेली कोंबडी पाहून लोक हळहळतात. वर्षातून एकदा कोंबडी पिसे टाकते, काही आठवडे अंडी देत नाही आणि नव्या पिसांची टोके काट्यांसारखी वर येतात. तेव्हा ती केविलवाणी दिसते, पण निरोगी असते. खुडूक बसलेली कोंबडीही अंग फुगवून, न खाता, जवळ जाणाऱ्यावर धावून येते; तिला आजारी समजू नये. याउलट पाठीवर, गुदद्वाराजवळ रक्ताळलेली जखम असेल तर ती टोचाटोचीची खूण आहे आणि तिच्याकडे लगेच पाहावे लागते.

कोंबड्यांत वरचढपणाची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१च्या सुमारास ती पहिल्यांदा शास्त्रीयरीत्या नोंदवली. थोडे टोचणे हा तिचाच भाग आहे. गर्दी, लख्ख प्रकाश, खाद्यात मिठाची किंवा प्रथिनांची कमतरता, खाद्याच्या भांड्यांची टंचाई यांमुळे मात्र ते रक्तपातापर्यंत जाते. एकदा रक्त दिसले की सगळा कळप त्याच जागी तुटून पडतो. जखमी कोंबडी वेगळी करणे, जागा वाढवणे, बसायला आडव्या काठ्या देणे आणि टोचायला हिरवा पाला टांगणे हे साधे उपाय आहेत. चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी, मऊ पेटी अंडी घालायला असली की अंडी फुटत नाहीत आणि कोंबडीही निवांत होते. अंगणातल्या मातीत लोळून धूळ अंगावर उडवणे ही तिची आंघोळ असते. तिने गोचिडी आणि उवा कमी होतात.

पिंजऱ्याचा प्रश्न

अंड्यांच्या मोठ्या व्यवसायात तारेच्या पिंजऱ्यांची पद्धत रूढ आहे. वर्षाला ३००च्या पुढे अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या त्यात दाटीने राहतात. बाजूने बोलणारे सांगतात की विष्ठा खाली पडत असल्याने पक्षी तिच्यापासून दूर राहतो, रक्ती हगवण कमी होते आणि अंडी स्वच्छ मिळतात. विरोधात बोलणारे दाखवतात की तिथे पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडी घालायला आडोसा मिळत नाही. वापराअभावी आणि कवचाला लागणाऱ्या कॅल्शियममुळे हाडेही ठिसूळ होतात. दोन्ही बाजूंची निरीक्षणे खरी आहेत. युरोपीय संघाने साध्या पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२पासून बंदी घातली. भारतात विधी आयोगाने २०१७मधील आपल्या २६९व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसल कोंबड्यांच्या निवाऱ्यासाठी नियमांचे मसुदे सुचवले.

बंद दाराचे कारण

पोल्ट्रीच्या दारावर ‘आत येण्यास मनाई’ अशी पाटी दिसली की आत काहीतरी लपवण्यासारखे आहे, असा समज होतो. बहुतेक वेळा त्या पाटीचे कारण रोग असते. मानमोडी, म्हणजेच रानीखेत, हा विषाणूजन्य रोग बुटांच्या तळव्यांतून, गाडीच्या चाकांतून, अंड्यांच्या ट्रेमधून एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. लसोटा लस पहिल्या आठवड्यात आणि नंतरच्या मात्रा ठरल्या वेळी दिल्या नाहीत तर पूर्ण कळप जातो. गंबोरो आणि देवी यांच्या लसींचेही वेळापत्रक असते.

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला आणि तिथले लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात पुन्हा तेच घडले. या अनुभवानंतर दारात जंतुनाशकाचा हौद, आतले वेगळे बूट आणि पाहुण्यांची नोंदवही हे चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण मानले जाते. बाहेरच्यांचा संशय दूर करायचा असेल तर बाहेरून दिसेल अशी जाळी आणि पशुवैद्याच्या भेटींची नोंद हे दार उघडण्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहेत.

‘हार्मोनची कोंबडी’ ही लोकांची आणखी एक शंका. मांसल कोंबडी सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंवर जाते, ती अनेक पिढ्यांच्या निवडीमुळे आणि मोजून बनवलेल्या खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना रोज वाढीच्या संप्रेरकाची सुई टोचणे परवडणारेही नाही. प्रतिजैविकांविषयीची शंका मात्र रास्त आहे. वजन वाढावे म्हणून ती खाद्यात मिसळण्याच्या प्रथेमुळे औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. माणसासाठी शेवटचा उपाय असलेले कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यावर सरकारने जुलै २०१९मध्ये बंदी घातली.

दोन्ही एका आवारात

शेतघरावर घोडा आणि गावठी कोंबड्या एकत्र असणे नवे नाही. कोंबड्या लिदीतल्या अळ्या वेचतात आणि सांडलेली चंदी टिपतात. पण एक धोका जीवघेणा आहे. कोंबड्यांच्या तयार खाद्यात रक्ती हगवण टाळण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखी द्रव्ये घातलेली असतात. कोंबडीला सहज सोसणारे मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते. शरीराच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅमही त्याला प्राणघातक ठरू शकते आणि त्यावर उतारा नाही. म्हणून कोंबडीखाद्याचे पोते घोड्याच्या तोंडाला लागणार नाही अशा बंद खोलीत ठेवावे आणि दोघांची मापे वेगळी असावीत. कोंबड्या गव्हाणीवर बसून चाऱ्यात विष्ठा टाकणार नाहीत, हेही पाहावे. खुराड्यातले लाल माइट किडे रात्री घोड्याला चावून खाज आणतात, म्हणून खुराडे तबेल्याच्या भिंतीला लागून नको.

नोंदवही आणि तक्रार

लहान तबेल्याला किंवा परसातल्या खुराड्याला एक साधी वही पुरते. घोड्यासाठी तिच्यात नालबंदाची तारीख, दातांची तपासणी, धनुर्वाताची लस, जंतांचे औषध, रक्ततपासणीचा दाखला, महिन्याचे छातीचे माप आणि एका ठरावीक जागी काढलेला फोटो असावा. कोंबड्यांसाठी रोजचे खाद्य, पाणी, अंडी, मरतूक आणि लसीकरण. जनावर म्हातारे असेल, जुनी जखम असेल किंवा उपचार चालू असतील तर पशुवैद्याची चिठ्ठी वहीत चिकटवावी. दुखणाईत जनावर पाहून कोणी तक्रार केली, तर ‘इलाज चालू आहे’ हे तोंडी सांगणे आणि तारखेसह दाखवणे यांत मोठा फरक पडतो.

कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला तपासणी करू देणे आणि सहकार्य करणे मालकाच्या हिताचे असते; अधिकार नसलेल्या माणसाने आवारात शिरण्याचा प्रश्न निराळा आहे. तक्रार करणाऱ्यासाठीही रीत आहे. जनावराच्या फोटोसोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावे. घोडा लंगडतो का, खोगिराखाली ओली जखम आहे का, जवळ पाणी आणि सावली आहे का, कोंबड्या चोच उघडून धापा टाकत आहेत का, या गोष्टी नोंदवाव्यात. नुसत्या दिसणाऱ्या बरगड्या किंवा झडलेली पिसे पुरत नाहीत. गरज तातडीची असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक आहे. जिल्हा पातळीवर प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे आणि पोलिसांकडेही जाता येते. मालकाच्या वहीतल्या तारखा आणि तक्रारदाराच्या फोटोवरच्या तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या, की जनावराची हेळसांड झाली की नाही हे पशुवैद्याला ठरवता येते.